हसनाबादच्या वाटेवर

“सायकलीवरून जावयाचे, तर बरोबर मोटार कशाला? आणि मोटार आहेच, तर मग सायकल कशाला?”

आमच्या प्रवासाची वार्ता घरात फुटली, त्या दिवशी माझ्या मातोश्रींनी हा प्रश्न विचारला. त्या ओसरीवर मेथीची जुडी निवडीत बसल्या होत्या. वय वर्षे शहाऐंशी. परंतु प्रश्नाची धार अशी की, भल्या वकिलाने उलटतपासणी सोडून द्यावी. नातवंडे हसली, सुनांनी पदर तोंडाला लावला, आणि मी ‘येताना सांगतो’ असे म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर मला खरोखरीच येताना मिळाले. ते कोठे मिळाले आणि त्यासाठी काय किंमत द्यावी लागली, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

आम्ही सहा मित्र. पुण्याच्या एका महाविद्यालयात एका बाकावर बसलेले आणि आता साठी ओलांडलेले. एक डॉक्टर, एक प्राध्यापक, दोघे बँकेतून निवृत्त झालेले, एक वकील आणि सहावा मी. तरुणपणी आम्ही सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकली हाकीत असू. त्या दिवसांची आठवण काढता काढता एका कोजागरीला ठरले की, पुण्याहून लोणारच्या सरोवरापर्यंत सायकलीने जावयाचे. अंतर सव्वाचारशे किलोमीटरांच्या आसपास, आणि मुदत पाच दिवसांची. पहिला मुक्काम अहिल्यानगर, दुसरा छत्रपती संभाजीनगर, तिसरा राजूर, चौथा सिंदखेडराजा आणि पाचव्या दिवशी लोणार.

सहापैकी पाच जण सायकलींवर बसणार होते. वकिलांच्या डाव्या गुडघ्यावर वर्षापूर्वी शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे सायकलीचे नाव काढावयास त्यांना डॉक्टरांनी मनाई केली होती. तेव्हा त्यांनी आपण होऊनच म्हटले, “मी गाडी चालवतो. तुमच्यापैकी कोणी पडला तर उचलायला माणूस नको का?” येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्हा सर्वांत उत्तम सायकलपटू कोण असेल तर ते हेच वकील. मला सायकल शिकविली तीही त्यांनीच. सीट धरून मागे मागे धावत, आणि मला न कळविता एक दिवस सीट सोडून देऊन!

वाहने दोन होती. डॉक्टरांची मोटार त्यांचा पुतण्या चालवी. ती पुढे जाऊन मुक्कामाची आणि जेवणाची व्यवस्था पाही. दुसरा एक लहानसा टेम्पो भाड्याने घेतला होता, तो वकिलांच्या हाती. त्यात जादा ट्यूबा, चेन, हवेचा पंप, औषधांची पेटी, मीठ-साखरेच्या पाण्याच्या बाटल्या, केळी, खजूर आणि आमच्या घरच्या मंडळींनी बांधून दिलेल्या दशम्या व गुळाच्या पोळ्या असत. शेवटच्या सायकलस्वाराच्या मागे थोडे अंतर ठेवून हा टेम्पो चाले. गुळाची पोळी हे सायकलस्वाराचे उत्तम अन्न आहे, असा माझा अनुभव आहे. ती खिशात मोडत नाही, दोन दिवसांत विटत नाही, आणि अंगी लागावयास वेळ लावीत नाही.

वाचक म्हणतील की, ही कसली सायकलची सफर! मुंबईच्या पारशी तरुणांची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा तरुण मुंबईहून सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा या तिघांनी ती पुरी केली आणि ते मार्च १९२८ मध्ये परत आले. साडेचार वर्षांत सुमारे ७१,००० किलोमीटर! त्यांच्यामागे कोणाचा टेम्पो होता? कोणाचाच नाही. वाळवंटात तहान लागली तर पाणी त्यांचे त्यांनीच शोधावयाचे होते.

परंतु या चित्राला दुसरीही बाजू आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरांची एक सायकलशर्यत दरवर्षी भरते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघाने ती नऊ दिवसांच्या आत पुरी केली. नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली तीच शर्यत एकेकट्याने बारा दिवसांच्या आत पार पाडली. त्या शर्यतीत साहाय्यक मंडळी आणि त्यांची गाडी हे अवांतर नसून आवश्यक अंग असते. रात्री तर गाडीने आपल्या दिव्यांच्या उजेडात सायकलस्वाराला घेऊन त्याच्या मागोमागच चालले पाहिजे, असा नियमच आहे. स्वाराने काय खावे, किती प्यावे आणि केव्हा झोपावे, हे बहुधा गाडीतील माणसेच ठरवितात. कारण थकलेल्या माणसाची बुद्धी प्रथम स्वतःविषयीच खोटे बोलू लागते. हे वाक्य मी प्रवासापूर्वीही सहज लिहिले असते. त्याचा अर्थ मात्र मला पुढे कळला.

आणि अमेरिकेपर्यंत जावयास तरी कशाला हवे? आषाढी वारीसाठी आळंदीहून निघालेल्या कोणत्याही दिंडीकडे पाहा. वारकरी पायी चालतो. पण दिंडीचा ट्रक सामान, तंबू आणि शिधा घेऊन पुढच्या मुक्कामावर जातो. ट्रक आहे म्हणून वारी पायी होत नाही, असे कोणी म्हणत नाही. आमच्या मातोश्रींनाही हा दाखला मी दिला असता, तर कदाचित वादात सरशी झाली असती. परंतु वादात सरशी होणे आणि उत्तर मिळणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत.

असो. तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही संभाजीनगर सोडले. जालन्याच्या महामार्गावर अवजड वाहनांची वर्दळ फार. म्हणून फुलंब्रीवरून पूर्वेस वळून हसनाबादमार्गे राजूरला जाणारा आतला रस्ता धरावयाचे ठरले होते. महिना फेब्रुवारीचा होता. पहाटे गारठा असे आणि दहा वाजता ऊन डोळ्यांवर येई.

हा मुलूख गिरिजा नदीच्या खोऱ्याचा. म्हैसमाळच्या बाजूच्या डोंगरांतून ती निघते आणि पूर्णेला जाऊन मिळते. पूर्णा पुढे गोदावरीला. जमीन काळी, उन्हाळ्याच्या तोंडाशी भेगाळू लागलेली. कापसाची वेचणी संपून पऱ्हाटी तेवढी उभी होती, मधूनच ज्वारीची कणसे भरली होती, आणि पाण्याची सोय असेल तेथे मोसंबीच्या बागा. जालन्याच्या मोसंबीचे नाव आता दूरवर पोहोचलेले आहे. रस्ता कोठे चांगला, कोठे उखडलेला. मोटारीतून जाणाऱ्याला असा रस्ता सपाट दिसतो. सायकलस्वाराला मात्र प्रत्येक ओढ्याचा उतार आणि त्यानंतरचा चढ मांड्यांत मोजून घ्यावा लागतो.

हसनाबाद हे भोकरदन तालुक्यातील मोठे गाव. नावातील ‘आबाद’ कानी पडताच पूर्वीच्या अमलाची आठवण होते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तो तर १ मे १९८१ रोजी. परंतु या बाजूच्या वाटा निजामाहून फार जुन्या आहेत. उत्तरेस असलेले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती इटलीतील पाँपेई येथे, इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या घरात, १९३८ साली सापडलेली होती. म्हणजे या मातीतून निघालेले कसब दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापार पोहोचले होते, असे मानावयास जागा आहे. त्याच बाजूला असईचे रणांगण आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेल्स्ली याने शिंदे-भोसल्यांच्या फौजांवर चाल केली, तेव्हा आपले बाजारबुणगे आणि सामान मागे पहाऱ्यात ठेवून तो हलक्या अंगाने पुढे गेला. प्राध्यापक हे सारे सायकल चालवीत चालवीतच सांगत होते. मी ऐकत होतो. परंतु माझे लक्ष निराळ्याच गोष्टीकडे होते.

ती गोष्ट अशी की, मला थकवा आला होता आणि तो कोणाला कळू नये, असे मला वाटत होते.

निघण्यापूर्वी आम्ही एक नियम केला होता. ज्याला वाटेल त्याने टेम्पोत बसावे, आणि कोणीही त्याला हसू नये. नियम उत्तम होता. फक्त तो कोणी पाळला नाही. पहिल्या दिवशी बँकेतील एका मित्राने दहा किलोमीटर टेम्पोतून काढले, तेव्हा रात्री जेवताना त्याची इतकी थट्टा झाली की, त्यानंतर टेम्पोत बसण्यापेक्षा रस्त्यात मरण पत्करले, असे प्रत्येकाने मनोमन ठरविले असावे. मी तर निश्चितच ठरविले होते. सकाळपासून पोटात ढवळत होते. पाणी प्यालो नव्हतो, कारण पाणी मागण्यासाठी थांबले की टेम्पो शेजारी येई आणि वकील खिडकीतून माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहात. चौघे पुढे निघून गेले होते, मी शेवटी होतो, आणि पाठीशी टेम्पोची ती एकसुरी घरघर सतत चालू होती.

अखेर मी थांबलो, मागे वळलो आणि ओरडलो, “अरे, सारखा मागे मागे काय रेंगाळतोस? मी काय लहान मूल आहे? जा पुढे!”

वकील क्षणभर काही बोलले नाहीत. मग, “बरं,” एवढेच म्हणून त्यांनी टेम्पो पुढे काढला. धुरळा खाली बसला, आणि रस्ता एकदम शांत झाला. खोटे का बोलू? मला त्या क्षणी मोठा विजय मिळविल्यासारखे वाटले.

तो विजय मोजून दोन-तीन किलोमीटर टिकला. एका ओढ्याचा चढ चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकले. पायांत गोळे आले. सायकल आपली आपणच कडेला गेली आणि मी तिच्यासकट एका निंबाच्या बुंध्याशी बसलो, असे म्हणण्यापेक्षा पडलो. मोबाइल खिशात असावा म्हणून चाचपला. तो टेम्पोत राहिला होता. पाण्याची बाटली रिकामी होती. अंगाला घाम येईनासा झाला होता, आणि हे लक्षण चांगले नव्हे, एवढे मला डॉक्टरांच्या सहवासाने ठाऊक होते. त्या निर्जन दुपारी मी आयुष्यात प्रथमच हिशेब केला की, या क्षणी मी कोठे आहे हे पृथ्वीवर कोणाला ठाऊक आहे? उत्तर आले, कोणालाही नाही. आणि ती व्यवस्था मी स्वतःच करून ठेविली होती.

शेजारच्या शेतात पऱ्हाटी उपटण्याचे काम चालले होते. एक प्रौढ बाई हातातील काम टाकून बांधावरून आल्या. त्यांनी काही विचारले नाही; कळशीतील पाणी तांब्यात ओतले, पदराच्या गाठीतील गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, “पाणी प्या आधी. बोलायचं मागून.” मी घटाघटा पिऊ लागलो, तशा त्या रागावल्या, “हळू बाबा, हळू! एवढ्या उन्हाचं कामून निघाले सायकलीवर?”

मी अडखळत सांगितले की, आम्ही सहाजण आहोत, पुण्याहून आलो, आमच्याबरोबर मोटारही आहे आणि टेम्पोही आहे. बाईंनी माझ्याकडे, मग रिकाम्या रस्त्याकडे पाहिले.

“मोटार हाय, तर मग सायकलीवर कामून?”

पुण्याच्या ओसरीवरचा प्रश्न हसनाबादच्या शिवारात माझ्यापुढे पुन्हा उभा राहिला होता, आणि याही वेळी मजजवळ उत्तर नव्हते.

इतक्यात एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा जुनी काळी सायकल घेऊन त्या बाजूने आला. दोन्हीकडे दुधाचे रिकामे कॅन लटकत होते. हसनाबादला दूध घालावयास तो रोज जातो, असे बाईंच्या बोलण्यावरून समजले. ना त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण, ना मागे टेम्पो, ना खिशात खजूर. सगळी हकीकत ऐकून तो म्हणाला, “मी बघून येतो काका. गाडी कोणत्या रंगाची?” मी म्हटले, पांढरी, टपावर सायकली बांधावयाचा सांगाडा आहे. तो उभ्यानेच पायडल मारीत निघून गेला. मी पाच दिवसांत जो वेग एकदाही गाठला नाही, तो त्याने चढावर गाठला.

फार वेळ गेला नसेल. तोच टेम्पोची घरघर ऐकू आली. सकाळपासून जिचा मला उबग आला होता, तोच हा आवाज! वकील उतरले. लंगडत आले. मला वाटले, आता बोल लावतील. त्यांनी फक्त माझी नाडी पाहिली, मीठ-साखरेचे पाणी दिले, मला हात देऊन टेम्पोत बसविले, आणि सायकल मागे चढविली. बाईंना त्यांनी हात जोडून म्हटले, “आई, आपले फार उपकार झाले.” त्या म्हणाल्या, “उपकार कसले? पाण्याला कोणी नाही म्हणतं का?” आणि त्या पुन्हा कामाला गेल्या. पैसे देण्याचा विचार माझ्या मनात आला होता. तो त्या एका वाक्याने मनातच राहिला.

पुढची हकीकत मला हसनाबादला चहाच्या हॉटेलात, बाकावर आडवा पडलो असताना कळली. टेम्पो पुढे काढल्यावर वकील लांब गेलेच नव्हते. गावाच्या अलीकडे, जेथून रस्ता दिसतो अशा जागी गाडी उभी करून ते भर उन्हात खाली उभे राहिले होते आणि येणारे सायकलस्वार मोजीत होते. पहिला गेला, दुसरा गेला, तिसरा, चौथा. चौघांनाही त्यांनी गावात थांबावयास सांगितले. पाचवा येईना. “तू मागे येऊ नकोस म्हणाला होतास,” ते मला म्हणाले. “म्हटलं, तुझा मान ठेवायचा. पण अर्धा तास. त्यापुढे तुझा मान गेला खड्ड्यात.” अर्धा तास भरला, त्यांनी टेम्पो वळविला, आणि तेवढ्यात समोरून तो दूधवाला मुलगा आला.

डॉक्टरांनी मला तपासले आणि त्या दिवशी पुन्हा सायकलीवर बसावयाचे नाही, असे बजावले. त्यामुळे हसनाबादहून राजूरपर्यंतचा रस्ता मी वकिलांच्या शेजारी बसून पाहिला. तेव्हा प्रथमच माझे लक्ष त्यांच्या डाव्या पायाकडे गेले. सायकलच्या गतीने टेम्पो हाकावयाचा म्हणजे सगळा वेळ दुसऱ्या गिअरमध्ये रखडावयाचे, आणि क्लच क्षणोक्षणी दाबावयाचा, सोडावयाचा. क्लच डाव्या पायाने दाबतात. गुडघाही डावाच. तीन दिवस, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत, तो गुडघा हजारो वेळा वाकला असेल. आम्ही पाच जण रोज रात्री एकमेकांच्या मांड्यांची, पाठीची आणि तळव्यांची चौकशी करीत होतो; आपण किती चढ चढलो, याच्या बढाया मारीत होतो. त्यांच्या गुडघ्याविषयी कोणीही, एकदाही विचारले नव्हते. तो आमचा मित्र होता, हे आम्ही विसरलो होतो. ड्रायव्हर आहे, एवढेच लक्षात राहिले होते.

“दुखतो का रे?” मी विचारले.

“दुखतो,” ते म्हणाले. “पण तुझी सीट धरून धावलो होतो, तेव्हाही पाय दुखलेच होते.”

आमच्या पुराणकथांत सारथ्याचे माहात्म्य काही कमी नाही. भर युद्धात अर्जुनाचे घोडे सोडून त्यांच्या अंगांतील बाण काढणारा आणि त्यांना पाणी पाजणारा श्रीकृष्णच होता. आपण ही कथा भक्तिभावाने ऐकतो. पण आपल्या मागून कोणी गाडी हाकीत असला, तर त्याला जेवणाच्या पानावर शेवटी बोलावतो.

संध्याकाळी राजूरच्या टेकडीवर गणपतीचे दर्शन घेतले. साडेतीन गणेशपीठांत या स्थानाची गणना होते, आणि अंगारकीला दूरदूरच्या गावांहून लोक येथे पायी येतात. पायऱ्यांवरून उतरताना डॉक्टरांनी स्वतःच सांगितले की, उद्यापासून टेम्पो सर्वांनी पाळीपाळीने चालवावयाचा, आणि वकिलांनी पुढच्या मोटारीत पाय पसरून बसावयाचे. त्याप्रमाणे झाले. सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी आम्ही सहाही जण एकत्र गेलो, आणि लोणारच्या काठावर, उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात पडलेल्या त्या प्रचंड विवराशी उभे राहून छायाचित्र काढले, तेव्हा वकिलांना मध्ये उभे केले. टेम्पो चालविण्याची पाळी माझ्यावर आली, त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. सायकल चालविणाऱ्याचे लक्ष पुढच्या वळणावर असते. गाडी चालविणाऱ्याचे लक्ष माणसांवर असते. दिवसभर तो मनात एकच पाढा म्हणत असतो: एक, दोन, तीन, चार, पाच. आणि पुन्हा पहिल्यापासून.

घरी परत आलो, पाया पडलो, आणि मातोश्रींना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ही सर्व हकीकत, काहीही न लपविता, सांगितली. सामान वाहण्यासाठी मोटार नव्हती. मागे कोण राहिला, हे कोणाला तरी ठाऊक असावे, यासाठी ती होती. ऐकताना मध्ये त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “एवढ्यासाठी लोणारला जावे लागले होय रे तुला? या घरात तीस-तीस पाने उठत होती, तेव्हा कोण जेवला, कोण राहिला, हे मी स्वयंपाकघराच्या दारातून मोजीत असे. तुमच्यापैकी कोणी मला कधी विचारलेत, तू जेवलीस का?”

मी मान खाली घातली. घरातील बाकीची मंडळीही गप्प झाली. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, “आणि वकिलांच्या गुडघ्याला आता कसे आहे?”

आल्यापासून तीन दिवस झाले होते. मी अजून चौकशी केली नव्हती. तसाच उठलो आणि वकिलांना फोन लावला.